जुना डबा अजून चालतो

जुन्या मेल पुसा, पाणी वाचवा. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडातल्या सरकारी दुष्काळ गटानं नागरिकांना जे उपाय सांगितले, त्यांत हा एक खरोखर होता. डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी लागतं, म्हणून साठवलेल्या मेल आणि फोटो कमी करा, असा त्यामागचा तर्क. जाणकारांनी तो लगेच खोडून काढला. पडून असलेल्या मेलला लागणारी वीज नगण्य असते. अशा मेल शोधून पुसण्यासाठी आपला संगणक जितका वेळ चालू राहतो, त्याचीच वीज जास्त भरते.

तरीही असले सल्ले सगळीकडे फिरत राहतात, कारण ते पाळल्यानं कुणाचंच काही अडत नाही. कंपनीची विक्री थांबत नाही, कार्यालयाला खरेदीचा नियम बदलावा लागत नाही, आणि पुसणाऱ्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. संगणकाचा पर्यावरणावरचा बोजा जिथे खरोखर आहे, तिकडे बघायचं मात्र राहून जातं. तिकडे बघावं म्हणून हा लेख.

कामथडी हे भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा हायवेलगतचं गाव. अशा गावात आज संगणक कुठे नाही? ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, पतसंस्थेत आहे, डेअरीत फॅट काढण्याच्या यंत्राशेजारी आहे, पेट्रोल पंपावर आहे, झेरॉक्सच्या दुकानात आहे. पुण्याला कामाला जाणाऱ्या पोरांच्या पाठीवरच्या बॅगेत कंपनीचा लॅपटॉप आहे. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून राज्यभरच्या ग्रामपंचायतींत संगणक आणि परिचालक आले. २०१६ पासून त्या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आलं. म्हणजे सरकारी खर्चानं खेड्यात आलेल्या यंत्रांची आता दुसरी-तिसरी पिढी चालू आहे. पहिली पिढी कुठे गेली, हा प्रश्न मेल पुसण्याच्या कितीतरी आधी विचारायला हवा.

पण आधी विजेचा हिशेब.

काहीही काम न करता नुसता चालू ठेवलेला साधा डेस्कटॉप, मॉनिटर धरून, पन्नासेक वॉट खातो. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा असे १६ तास तो चालू राहिला, तर रात्रीचं पाऊण युनिट सहज जातं. वर्षाला जवळजवळ २९० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी देशातल्या विजेचा कार्बनचा आकडा जाहीर करतं. तो एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. म्हणजे रिकाम्या खोलीत रात्रभर चालू ठेवलेला एक संगणक वर्षाकाठी २०० किलो कार्बन हवेत सोडतो. ती वीज मुख्यतः चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून येते. धूर तिथली माणसं घेतात.

पडद्यावर फिरणारी चित्रं म्हणजे बचत, हा समज अजून गेलेला नाही. स्क्रीनसेव्हर निघाला तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकाच चित्राचा डाग पडू नये म्हणून. त्यानं वीज वाचत नाही, पडदा पूर्ण ताकदीनंच जळत राहतो. झोपवलेला संगणक एक-दोन वॉटवर येतो, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं की शून्यावर.

मग परिचालक तो बंद का करत नाही? एक कारण असं की जुनी हार्ड डिस्क असलेला संगणक सकाळी सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं घेतो, आणि दारात रांग असते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. दिवसा सर्व्हर डाउन असतो. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना राज्यभरच्या सेवा केंद्रांनी रात्री जागून काम केलं, कारण दिवसा पान उघडत नव्हतं. पीकविम्याच्या शेवटच्या तारखांना, दाखल्यांच्या हंगामात हेच होतं. एक जड, नीट न बांधलेलं पोर्टल हजारो गावांतले हजारो संगणक तासन्‌तास नुसते गोल फिरत ठेवतं. त्या विजेचं बिल ग्रामपंचायत आणि केंद्रचालक भरतात, आणि पोर्टल बांधणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. सरकारला विजेची बचत हवी असेल तर परिचालकाला उपदेश करण्याआधी आपली पानं हलकी करावीत. फोटो २० केबीच्या आत, सही १० केबीच्या आत, असली बंधनं अर्जदाराला घालणाऱ्यांनी स्वतःचं पहिलं पान किती जड आहे, हे एकदा मोजून पाहावं.

आणि तो कागद! सातबारा ऑनलाइन आहे, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तो कायद्यानं चालतो. तरी शेतकरी तो उतरवून घेतो, छापतो, पुढच्या टेबलावर झेरॉक्स मागतात म्हणून दोन प्रती काढतो, त्यांवर ‘खरी प्रत’ असं लिहून सही करतो, मग तीच प्रत पुन्हा स्कॅन करून दुसऱ्या पोर्टलवर चढवतो. संगणकात जन्मलेला कागद संगणकात परत जायला चार यंत्रं, टोनर आणि माणसाचा अर्धा दिवस खातो. शासनाच्या एका खात्यानं दुसऱ्या खात्याचा उतारा थेट बघावा, इतकंच यात अडलेलं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याच आपापल्या मॉडेलचा कार्बन हिशेब छापतात. बहुतेक लॅपटॉपचा आकडा २०० ते ३०० किलोंच्या दरम्यान येतो, आणि त्यातला मोठा वाटा, तीन चतुर्थांशाच्या आसपास, यंत्र बनतानाच उडालेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिप बनवणं, पडदा बनवणं, यांत तो जातो. आपण पहिल्यांदा बटण दाबतो तेव्हा बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं.

एक साधा हिशेब मांडू. लॅपटॉप बनताना २०० किलो कार्बन गेला असं धरा. तो ३० वॉट खातो, रोज आठ तास, वर्षाला २५० दिवस. म्हणजे वर्षाला ६० युनिट, चाळीसेक किलो कार्बन. चार वर्षांनी तो फेकला तर बनवण्याचा बोजा वर्षाला ५० किलो पडला. आठ वर्षं चालवला तर २५. घरात काटकसरीनं ब्राइटनेस कमी करून वर्षाला चार-दोन किलो वाचतील. ते वाचवावेतच, पण यंत्राचं आयुष्य दुप्पट करून जे वाचतं, त्याच्या जवळपासही ते जात नाही.

दुकानदार सांगेल की नवं मॉडेल वीज कमी खातं. समजा दहा वॉट कमी खाल्ली. वर्षाला २० युनिट, १४ किलो. बनवताना गेलेले २०० किलो फिटायला चौदा वर्षं लागतील. तितकी वर्षं तो लॅपटॉप कुणीच वापरत नाही.

या हिशेबात एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. दिवसभर शंभर वॉटच्या वर खाणारा जुना डेस्कटॉप आणि काचेचा अवजड मॉनिटर अजून रोज आठ तास चालत असेल, तर त्या जागी लॅपटॉप घेतल्यानं दोन-तीन वर्षांत बोजा फिटतो. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ असं सरसकट म्हणायचं नाही. वॉट बघायचे, तास बघायचे, आणि मग ठरवायचं. पण लॅपटॉपच्या जागी लॅपटॉप, तोही फक्त ‘हँग होतो’ म्हणून, हा व्यवहार पर्यावरणाला परवडणारा नाही.

हँग होणाऱ्या दहा लॅपटॉपांपैकी कितीतरी फक्त दोन गोष्टींनी धावायला लागतात. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकायची आणि रॅम आठ जीबी करायची. जोडीला पंख्यातली धूळ काढायची. हायवेच्या कडेच्या गावात धूळ किती भरते हे सांगायला नको. खर्च काही हजारांत. रात्रभर संगणक चालू ठेवण्याचं निम्मं कारणही यातच संपतं, कारण एसएसडीवर तो अर्ध्या मिनिटात उठतो. हे काम नसरापूरला, भोरला, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत करणारी पोरं आहेत. त्यांच्या हातात जितकी वीज वाचवण्याची ताकद आहे, तितकी कुठल्याही जनजागृती फेरीत नाही. आणि हाच धंदा आज बंद पडायला लागलाय, कारण नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली येते. बदलता येत नाही, वाढवता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट. पण कंपनीनं स्क्रूच्या जागी गोंद लावला तर पोर्टल काय करणार? सुटा भाग मिळणं आणि तो बसवता येणं, दोन्ही कायद्यानं बांधून घ्यायला हवं.

यंत्र धडधाकट असतानाही त्याला मारता येतं, हे १४ ऑक्टोबर २०२५ ला सगळ्या जगानं पाहिलं. त्या दिवशी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचे २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेनं २०२३ मध्येच अंदाज दिला होता की यामुळे जगभरचे सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. त्यांतला एकही बिघडलेला नाही. एका कंपनीनं ठरवलं म्हणून ते जुने झाले.

यावर मार्ग आहे आणि तो दक्षिणेतल्या एका राज्यानं चालून दाखवलाय. केरळच्या सरकारी शाळा दीड दशकाहून जास्त काळ मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथली ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली, शाळेला लागेल ते सगळं आधीच भरलेली प्रणाली तयार करून देते. जुन्या यंत्रांवर ती चालते, परवान्याचे पैसे पडत नाहीत, मुलं त्यावर शिकतात. महाराष्ट्रानं २००१ मध्ये एमएस-सीआयटी आणली आणि गावोगावच्या पोरांना माऊस धरायला शिकवलं, याचा मला अभिमान आहे. पण त्या शिकवण्यात एकाच कंपनीची प्रणाली म्हणजे संगणक, अशी आपली पक्की समजूत झाली. ती समजूत आता आपल्याला २४ कोटींच्या ढिगाकडे नेते आहे. सुपरकॉम्प्युटर बनवणारी सी-डॅक पुण्यात आहे, आणि पुण्यापासून तासाभरावरच्या शाळेतला दहा वर्षांचा संगणक प्रणाली नाही म्हणून कपड्याखाली झाकून ठेवलेला असतो. हे अंतर तंत्रज्ञानाचं नाही, इच्छेचं आहे.

झाकून ठेवलेल्या त्या यंत्रांविषयी बोलायलाच हवं. सरकारी शाळेत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. एकदा चढली की ती उतरवायला निर्लेखन लागतं. प्रस्ताव, पाहणी, किंमत ठरवणं, मंजुरी, लिलाव. मुख्याध्यापक तीन वर्षांनी बदलून जातो, येणारा रजिस्टर ताब्यात घेताना वस्तू मोजतो, आणि मोजणीत कमी भरू नये म्हणून बंद पडलेला संगणक कुणी हलवत नाही. वेळेत दुरुस्त केला असता तर चालला असता. वेळेत दुसऱ्याला दिला असता तर त्याचा पॉवर सप्लाय एका यंत्राला, पडदा दुसऱ्या डब्याला लागला असता. पाच-सात वर्षं पडून राहिल्यावर तो कुणाच्याच कामाचा राहत नाही. मग एक दिवस निर्लेखन होतं आणि तो वजनावर जातो.

वजनावर गेल्यानंतर काय होतं, ते बघायला आपल्याला कष्ट नकोत. केबल जाळून तांबं काढतात. वरचं प्लॅस्टिक जळताना डायऑक्सिनसारखी विषं निघतात. बोर्डावरचं सोनं काढायला आम्ल वापरतात आणि उरलेलं आम्ल जमिनीत जातं. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये किलोच्या वर शिसं असतं. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि नोंद ठेवून गोळा करून पुनर्वापराला गेला तो फक्त २२.३ टक्के. बाकीचा असाच कुठे जळाला, पुरला, पडला.

कायदा आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२, अंमल १ एप्रिल २०२३ पासून. कंपन्यांना आपल्या विक्रीच्या हिशेबानं ठरावीक ई-कचऱ्याचा नोंदणीकृत पुनर्वापर दाखवावा लागतो. २०२५-२६ साठी ते प्रमाण ७० टक्के आहे. यात ‘मोठा ग्राहक’ म्हणजे वर्षभरात किमान १,००० उपकरणं वापरणारी संस्था. कचरा नोंदणीकृत व्यवस्थेकडेच देण्याची जबाबदारी तिच्यावर आहे. कामथडीची ग्रामपंचायत त्या व्याख्येत बसत नाही, शाळाही बसत नाही, पतसंस्थाही नाही. सुटी सुटी धरली तर गावं कायद्याच्या चाळणीतून खाली पडतात. पण पुणे जिल्हा परिषदेच्या साडेतीन हजारांच्या वर शाळा आहेत, त्याशिवाय पंचायत समित्या आणि दवाखाने. ते सगळं एक घर धरलं तर १,००० चा आकडा हसत ओलांडला जातो. जिल्हा परिषदेनं स्वतःला मोठा ग्राहक मानावं आणि तालुक्याला वर्षातून दोनदा ट्रक फिरवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

पुणे शहरानं एक वाट दाखवली आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेच्या कामाला लागली. दारात येणारी तीच बाई ई-कचराही घेते आणि तो योग्य जागी पोचतो. भोंगा लावून गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला गुन्हेगार ठरवू नये, असं मला या अनुभवावरून ठामपणे वाटतं. गावाचा ई-कचरा आज गोळा होतो तो त्याच्यामुळेच. त्याला नोंदणी द्या, भाव द्या, जाळण्यापेक्षा पोचवण्यात जास्त पैसे मिळतील असं बघा.

आता डेटा सेंटर. इंग्लंडच्या सल्ल्यात चूक होती ती माणसाला दिलेल्या कामात. डेटा सेंटरांचा बोजा खोटा नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॉट-तास वीज खाल्ली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. देशातल्या डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा जमाव मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. २०२० मध्ये पनवेलला योट्टा कंपनीची पहिली इमारत सुरू झाली, तिची विजेची क्षमता ५० मेगावॉट. भोरकरांना हा आकडा कळावा म्हणून सांगतो, भाटघरच्या धरणाच्या पायथ्याचं वीजघर १६ मेगावॉटचं आहे. एका इमारतीला भाटघरसारखी तीन वीजघरं पूर्ण ताकदीनं चालवावी लागतील, आणि भाटघरचं तर सिंचनाचं पाणी सुटतं तेव्हाच चालतं. त्या धरणाच्या आणि वेल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या धरणांच्या वरच्या डोंगरवस्त्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. पाणी आणि वीज खाली जाते. हा अनुभव असलेल्या भागानं डेटा सेंटरला किती पाणी, कुठलं पाणी, कुठल्या स्रोताची वीज, असं विचारलं तर ते प्रगतीच्या आड येणं नव्हे. हे आकडे इमारतीवर पाटी लावून जाहीर झाले पाहिजेत.

घरातल्या माणसाच्या हातात इथेही थोडं आहे, पण ते मेल पुसण्यात नाही. कार्बन ट्रस्टच्या २०२१ च्या अभ्यासात तासभर ऑनलाइन व्हिडिओ बघण्याचा युरोपातला सरासरी बोजा ५५ ग्रॅम निघाला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग बघणाऱ्याच्या पडद्याचा होता. मोठ्या टीव्हीपेक्षा फोनवर तो कितीतरी कमी. गाणी ऐकायची असतील तर व्हिडिओ न लावता ऐकावीत. एआयला विचारलेल्या मजकुराच्या एका साध्या प्रश्नाला ०.२४ वॉट-तास लागतात, असं गुगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनीबद्दल सांगितलं. त्यात मॉडेल शिकवायला लागलेली वीज धरलेली नाही. अभ्यासाचा प्रश्न विचारणाऱ्या पोराला त्यासाठी रागवू नका. त्याला चार वर्षांत तीन फोन घेऊन देऊ नका.

ग्रामसभा २६ जानेवारीला असते, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाही असते. कामथडीत आणि आसपासच्या प्रत्येक गावात एकानं तरी उठून विचारावं: डेडस्टॉक रजिस्टरमध्ये किती संगणक आहेत, त्यांतले चालू किती? बंद असलेल्यांना एसएसडी आणि रॅम टाकून मुक्त प्रणालीवर चालवण्याचा खर्च कुणी काढला का? नवी खरेदी करताना भाग बदलता येणारं मॉडेल घ्यायची अट निविदेत आहे का? निर्लेखन झालेली यंत्रं कुणाला दिली, तो नोंदणीकृत आहे का, आणि पावती कुठे आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि पुढच्या ग्रामसभेत तेच पान उघडून पुन्हा वाचावं.